पार्ट हुबळीहून यायचाय

खरं तर चाळीस मिनिटांचं काम होतं.
डिस्प्ले माझ्या खालच्या ड्रॉवरमध्येच पडून होता.
पण पोरीच्या आधी तिची आई येऊन गेली,
वडगावातनं, मागावरची अर्धी पाळी टाकून,
केसांत सुताचा भुसा तसाच.
लुमाण्णा, म्हणाली, आठ दिवस देऊ नको तिला.
रात्री तीनला पांघरुणात उजेड असतोय बघ.
मी म्हटलं, गिऱ्हाइकाशी खोटं बोलू होय?
गिऱ्हाईक मी, ती म्हणाली. पैसे मी देणार.

काच बसवून फोन चालू केला
तर तो टेबलावर सरपटायलाच लागला.
दोनशे सतरा. दोनशे तीस.
कुणाच्यातरी हळदीतला फोटो,
आणि त्याच्याखाली दात, दात, दात,
आणि हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं.
माझं काम काचेपुरतं. वाचायचं नसतं.
एवढं वाचलं
आणि पालथा घातला.

पहिल्या दिवशी सानिका तीनदा आली.
आलाय काय ओ पार्ट?
हुबळीहून यायचाय.
उभ्या उभ्या तिचा अंगठा
काउंटरच्या काचेवर खालून वर सरकत होता.
काचेखाली चार्जर, कव्हरं, इअरफोन,
कितीही सरकवलं तरी तिथंच.

तिसऱ्या दिवशी ओरडली.
माझं सगळं त्यात आहे काका!
एकोणीस वर्षं मी हे उघडतोय.
आत धूळ निघते, पीठ निघतं,
एकदा मुंग्यांनी अंडी घातलेली.
आत कोण बसलेलं मला अजून सापडलं नाही.
हे बोललो नाही.
सतराव्या वर्षी असली वाक्यं लागू पडत नाहीत,
मलाही पडली नव्हती.

पाचव्या दिवशी रेल्वेचं गेट पडलं होतं
म्हणून स्टुलावर बसली.
माझं भिंग डोळ्याला लावून
ओढणीचा पदर बघितला, मग स्वतःचं बोट.
एवढ्या रेघा? म्हणाली. आणि गप्प.
जाताना उंबऱ्यात थांबून
तक्रार करावी तसं सांगितलं,
काल रात्री मधे जागच आली नाही.

सातव्याला मैत्रीण बरोबर, कन्नड शाळेतली विद्याश्री.
बंतेनरी? तिनं विचारलं.
इन्नू इल्ल, मी म्हटलं.
खोटं दोन्ही भाषांत सारखंच अडखळतं.
माझ्या कन्नडला दोघी हसल्या,
सानिका तर तोंड उघडून,
हात निम्म्यापर्यंत तोंडाकडे गेला
आणि कशासाठी निघालो होतो ते विसरला.

आठव्या दिवशी आली नाही.
नवव्यालाही नाही.
मी मात्र दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होतो,
सोल्डरनं बोट भाजेपर्यंत.

दहाव्याला आली, आईनं दिलेले पैसे मोजून ठेवले.
हुबळीहून दिवसाला किती गाड्या येतात
मला काय ठाऊक नाही होय काका?
तिसऱ्या दिवशीच कळलं होतं.
मग?
तिनं खांदे उडवले.
स्टूल बरं आहे तुमचं.
माझ्यासमोरच चालू केला.
पुन्हा तो सरपटला, पुन्हा आकडे.
अंगठा वर थांबला, बराच वेळ,
नदीत उतरायच्या आधी पाय थांबतो तसा.
मग पिशवीत टाकला. बंद नाही केला.

बरी झाली काय? मला माहीत नाही.
डॉक्टर नाही मी, काच बदलतो.
पण आता शनिवारी दुपारी कधीतरी येते,
फोन पालथा ठेवते.
बिघडलाय.
काय झालंय?
बघा की तुम्हीच.
मी पावती फाडतो: पार्ट हुबळीहून, सोमवारी.
काही शनिवारी येत नाही. मी विचारत नाही.
गेल्या वेळी पावतीपुस्तकात
तिच्याखाली आणखी तीन नावं झाली, एक कन्नडमधून.

स्टूल एकच आहे.
दुसरं बघायला पाहिजे.